हौशी प्रक्षेपण-केंद्र आणि घरगुती संचांतील व्यत्यय

१९७३ मध्ये सिंहगडावरून दूरदर्शनचे सहक्षेपण सुरू झाले आणि गडाच्या वाटेवरील धायरीसह पुणे परिसरात ग्रहणाचे नवे युग अवतरले. पडद्यावर रेघा उमटल्या की दोष बहुधा शेजारच्या हौशी रेडिओ केंद्रचालकाच्या माथी येई. वस्तुतः त्याची कारणे दोन होती. २१ मेगाहर्ट्‌झच्या प्रक्षेपणाची तिप्पट, म्हणजे ६३ मेगाहर्ट्‌झ. जेथे दूरदर्शनची वाहिनी ६१ ते ६८ मेगाहर्ट्‌झची असे, तेथे ही उपलहरी चित्रात शिरे. तिचा उपाय प्रक्षेपकापाशीच, उच्च कंप्रतेच्या लहरी रोखणारी गाळणी बसवून, करावा लागे. उलटपक्षी, प्रक्षेपण निर्दोष असूनही निकटच्या प्रबळ लहरीने संच भारावून जाई. तेव्हा गाळणी संचालाच लावणे प्राप्त होते. हा भेद परीक्षा देऊन परवाना मिळविणाऱ्या केंद्रचालकास ज्ञात असे, शेजाऱ्यास नव्हे. म्हणून आधी स्वतःच्या घरातील संच निर्वेध करून दाखविण्याचे दायित्व त्याच्याकडेच येई.

ते जुने दूरदर्शन-प्रक्षेपण आता इतिहासजमा झाले आहे. आज घरोघरीचे एलईडी दिवे व चार्जर हेच हौशी केंद्राच्या ग्रहणात खरखर उत्पन्न करतात. ‘व्यत्यय’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ उलटापालट असा आहे. तक्रारदार व प्रतिवादी यांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरला आहे.