तार वाचणारा मुलगा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुसदला आमच्या गल्लीत कुणाची तार आली की ती थोड्याच वेळात माझ्या हातात यायची. तारवाला ती ज्याची त्यालाच द्यायचा, सही घ्यायचा आणि सायकलवर टांग टाकून निघून जायचा. पण मजकूर इंग्रजीत असायचा. मग 'सायन्सवाल्या' मुलाची आठवण व्हायची. ही गोष्ट १९८६ सालची. मी अकरावीत होतो. देवनागरीत तारा पाठवण्याची सोय १९४९ पासून झाली होती, तरी आमच्या गल्लीत येणाऱ्या तारा बहुधा इंग्रजीच असत.

त्याच वर्षी भौतिकशास्त्राच्या सरांनी आम्हाला विद्युतचुंबक शिकवताना तारयंत्र समजावून सांगितले. पितळी कळ दाबली की मंडल पूर्ण होते, तारेतून वीज वाहते, पलीकडच्या टोकाचा चुंबक लोखंडी पट्टी ओढून घेतो आणि 'कट्ट' असा आवाज होतो. कळ क्षणभर दाबली तर टिंब, थोडी अधिक दाबली तर रेघ. एक टिंब म्हणजे 'ई', एक रेघ म्हणजे 'टी'. सॅम्युएल मोर्सने १८४४ साली वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला याच युक्तीने संदेश पाठवला. आम्ही मधल्या सुट्टीत बाकावर पट्टी आपटून एकमेकांना नावे 'पाठवत' असू. मला वाटले, निरोपाचे सगळे गुपित आपल्याला कळले. आता अंतर म्हणून काही उरलेच नाही.

अंतर म्हणजे काय, हे खरे तर पुसदच्या माणसाला सांगायला नको. आमच्या गावाला आगगाडी नव्हती. मूर्तिजापूरहून निघालेली छोटी गाडी यवतमाळपर्यंत आली आणि तिथेच थांबली. आमचे जाणे-येणे एसटीने. त्यामुळे तारेचे अप्रूप आम्हाला अंमळ जास्तच.

एका संध्याकाळी शेजारचे काका तार घेऊन आले. "काय लेहेलं आहे रे, बाबू?" मी कागद पाहिला. चारच शब्द होते : ब्रदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली. त्यांचे थोरले भाऊ नागपूरला दवाखान्यात होते. काकांचा चेहरा पाहिला आणि माझा धीर झाला नाही. मी म्हणालो, "दादांची तब्येत जरा बिघडली आहे, काका. तुम्हाला बोलावलं आहे. सकाळच्या गाडीनं निघालात तरी चालेल."

ते शेवटचे वाक्य तारेत नव्हते. ते माझे होते.

रात्रीची नागपूर गाडी निघून गेली. काका पहाटेच्या गाडीने गेले. ते पोचले तेव्हा भाऊ गेलेले होते. तारेत खरे काय लिहिले होते, ते त्यांना नागपूरला कळले. परत आल्यावर ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पुढे काही महिन्यांनी पुन्हा एक तार घेऊन आले, तेव्हा एवढेच म्हणाले, "जसं लेहेलं आहे तसंच सांगत जा, बाबू."

पुढे मी विज्ञान सोडून इतिहास घेतला. वाचता वाचता लक्षात आले, की माझी ही गोष्ट आमच्या वऱ्हाडात फार जुनी आहे.

भारतात तारेचा पाया घातला तो विल्यम ओशॉनेसी या डॉक्टराने. १८५०-५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तार टाकली गेली. १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली आणि १८५५ पासून सामान्य लोकांना पैसे भरून तार करता येऊ लागली. वऱ्हाडात तिचे मोल वाढले ते कापसामुळे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. १८७० साली खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. त्याच वर्षी सुएझ-एडनमार्गे समुद्राखालची तार मुंबईला येऊन पोचली. लिव्हरपूलचा भाव पूर्वी बोटीने काही आठवड्यांनी कळायचा, तो आता फार लवकर कळू लागला.

पण कुणाला कळू लागला? ज्याला तार वाचता येत होती त्याला. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला तो कळायचा तो अडत्या किंवा सावकार सांगेल तेवढाच. तार समुद्र ओलांडून आली, पण पेढीपासून बैलगाडीपर्यंतचे चार पावलांचे अंतर माणसाच्या तोंडावरच अवलंबून राहिले. मी त्या संध्याकाळी दयेपोटी एक वाक्य वाढवले. दुसऱ्या कुणी नफ्यापोटी एखादे वाक्य गाळले असेल. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. दोन्ही वेळा त्याच्या हातचा निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो.

ज्या वर्षी मी ती तार वाचली, त्याच वर्षी कर्नाटकात कित्तूरला 'सी-डॉट' या संस्थेने बनवलेले १२८ जोडण्यांचे छोटे टेलिफोन केंद्र सुरू झाले. उन्हाळ्यात आणि धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालेल असे ते देशी यंत्र होते. खेडोपाडी फोन पोचला तो अशा यंत्रांमुळे. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून जेवणे आटोपून लोक रांगा लावायचे. १९९५ साली ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला आणि १५ ऑगस्टला इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले. १४ जुलै २०१३ रोजी शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि ते दुकान बंद झाले. मला वाटले, चला, आता मधला माणूस सुटला. ज्याचा निरोप त्याच्याच हातात.

हा माझा दुसरा गैरसमज. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्याआधी मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. यंत्राला ती घालता आली. पण ते संदेश पुढे ढकलणारी बोटे माणसांचीच होती. म्हणजे मधला माणूस गेला नव्हता. आपण सगळेच मधली माणसे झालो होतो. पूर्वी गल्लीत तार वाचणारा एखादाच असायचा आणि चुकला तर लोकांना तो ठाऊक असायचा. आता वाचणारे आणि सांगणारे घरोघरी आहेत, आणि चूक कुणाची ते कळतही नाही.

मी आता इतिहास शिकवतो. वर्गात तारयंत्राचा विषय निघाला की मुलांना गंमत वाटते. टिंब आणि रेघ सांगितली की तीही बाकावर टकटक करू लागतात, अगदी आमच्यासारखीच. मी ती करू देतो. मग त्यांना काकांची गोष्ट सांगतो. नवे यंत्र शिकायला दोन दिवस पुरतात, असा माझा अनुभव आहे. आलेला मजकूर खरा आहे का, आणि पुढे सांगताना आपण त्यात काही घातले किंवा गाळले तर नाही ना, हे पाहायला मात्र मला त्या एका चुकीनंतरच शिकता आले. मुलांना ते चुकीशिवाय यावे, एवढ्यासाठीच ही गोष्ट.