पाण्याचा माग: भुसा, रंग आणि ट्रिटियम

पाणाड्या विहिरीची जागा सांगतो. हातातली काठी वाकते, तळहातावरचा नारळ उभा राहतो आणि "इथं खणा" असा निकाल मिळतो. तो मानायचा की नाही, हा वाद जुना आहे. पण पाणी आलं कुठून आणि चाललं कुठे, हे पाणाड्याला कोणी विचारत नाही. पालघर जिल्ह्याला आज हाच प्रश्न विचारायचा आहे. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मोजणीत 93.69 गुणांकासह देशात सर्वांत प्रदूषित ठरली. खाडी आणि समुद्र नासले म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. खाडीतली घाण डोळ्यांना दिसते. जमिनीखाली काय वाहतं आहे ते दिसत नाही, आणि तिथेच पाण्याचा माग काढण्याची विद्या कामी येते.

या विद्येची पहिली नोंद जोसेफस या पहिल्या शतकातल्या ज्यू इतिहासकाराकडे सापडते. फिलिप नावाच्या राज्यकर्त्याने एका तळ्यात भुसा टाकला आणि तो दूरच्या झऱ्यात वर आला. तेव्हा जॉर्डन नदीचा खरा उगम ते तळं, असं ठरलं. आजचे भूशास्त्रज्ञ तो संबंध मानत नाहीत. मात्र पाण्यात खूण सोडायची आणि ती कुठे निघते ते पाहायचं, ही युक्ती तेव्हापासूनची.

तिला मोजमापाचं बळ मिळालं जर्मनीत. डॅन्यूब नदी इमेंडिंगेनजवळ उन्हाळ्यात चुनखडकात जिरून कोरडी पडते. सुमारे बारा किलोमीटरवर आख हा मोठा झरा आहे आणि त्याचं पाणी ऱ्हाइनला मिळतं. एक नदी काळ्या समुद्राची, दुसरी उत्तर समुद्राची. 1877 मध्ये आडोल्फ क्नोप या प्राध्यापकाने डॅन्यूबच्या त्या विवरांत वीस टन मीठ, खनिज तेल आणि दहा किलो फ्लुओरेसीन ओतलं. हा रंग आडोल्फ फॉन बायर यांनी 1871 मध्येच तयार केला होता. साधारण साठ तासांनी आखचं पाणी हिरवंगार झालं, खारटही लागू लागलं. दोन खोरी जमिनीखालून जोडलेली आहेत हे सिद्ध झालं, पण ते पाणी कोणाचं हे भांडण मिटलं नाही. पाण्यावरच्या हक्काचा खटला 1927 मध्ये थेट जर्मनीच्या राज्य न्यायालयात गेला.

रंगाची मर्यादाही तिथेच कळते. चुनखडकातल्या बोगद्यांतून पाणी धावतं. आपल्याकडच्या काळ्या कातळात ते भेगांमधून रांगतं, आणि उभ्या भिंतींसारखे घुसलेले डाइक कुठे त्याला अडवतात, तर कुठे वाट देतात. इथे ओतलेला रंग निघण्याची वाट पाहत वर्षं जातील. खूण पाण्यात आधीपासूनच असायला हवी.

ती होतीच. हायड्रोजनचा जड, किरणोत्सारी भाऊ, म्हणजे समस्थानिक, ट्रिटियम पाण्याच्या रेणूचाच भाग बनून पावसातून उतरतो. विश्वकिरणांमुळे तो थोडा तयार होतो. अणुबॉम्बच्या चाचण्यांनी मात्र 1963 पर्यंत पावसातलं त्याचं प्रमाण प्रचंड वाढवलं. दर 12.3 वर्षांनी तो निम्मा होतो. ज्या पाण्यात ट्रिटियम नाही, ते चाचण्यांच्या आधीच जमिनीत शिरलेलं. विनाशासाठी झालेल्या स्फोटांनी भूजलाचं वय मोजायचं साधन मागे ठेवलं, हे मला आजही अस्वस्थ करतं.

दुसरी खूण किरणोत्सारी नाही. समुद्रावरून आलेला ढग घाट चढू लागला की जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजनचे रेणू आधी बरसून जातात. वरचा पाऊस हलका होत जातो. हार्मन क्रेग यांनी 1961 मध्ये जगभरच्या पावसाचं हे नातं एका रेषेत मांडलं. धरणात साचून उन्हाने आटलेलं पाणी त्या रेषेवरून बाजूला सरकतं.

मुंबईत हे काम लवकर सुरू झालं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या देवेंद्र लाल यांच्या गटाने 1966 मध्ये सिलिकॉन-32 वापरून भूजलाचं वय काढण्याची रीत 'नेचर'मध्ये मांडली. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम राजस्थानच्या वाळवंटात गाडल्या गेलेल्या नदीपात्राच्या वाटेवरचं पाणी तपासलं. 1997 च्या त्यांच्या लेखानुसार त्यात ट्रिटियम जवळजवळ नव्हतंच. ते पाणी काही हजार वर्षांपूर्वीचं.

पालघर वाळवंट नव्हे. इथे पाऊस धो धो पडतो, तरी जव्हार-मोखाड्याला उन्हाळ्यात टँकर लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट आखले आहेत. या सीमा जमिनीवरच्या चढउतारानुसार जातात. खालचं पाणी त्या पाळेलच असं नाही. त्र्यंबकच्या डोंगरांतून गोदावरी पूर्वेला निघते, वैतरणा पश्चिमेला. कोकनेरे, हालोली, सातिवलीचे गरम झरे हे पावसाचंच पाणी. खोल जाऊन, तापून, भेगांतून परतलेलं. त्यातलं कोणतं पाणी कोणत्या उंचीवर पडलं, याचा अंदाज ऑक्सिजनवरून बांधता येतो. सूर्या धरण प्रकल्पाच्या कालव्यांतून मुरलेलं पाणी आणि थेट पावसाचं पाणी हेही वेगळं ओळखता येईल. तारापूरजवळ मात्र एकट्या ट्रिटियमवर विसंबू नये. तिथल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतही तो तयार होतो, म्हणून स्थानिक भर आधी वजा करावी लागेल.

हे ज्ञान आपल्या दाराशी आहे. भाभा केंद्र ट्रॉम्बेला, अणुऊर्जा केंद्र 1969 पासून तारापूरला. वसाहतीभोवतीच्या विहिरी, बोअर, कालवे, खाडी आणि गरम झरे यांचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर एकाच वेळी घ्यावेत, रासायनिक तपासणीबरोबर समस्थानिकांचीही तपासणी करावी, आणि निकाल गावागावांत मराठीत लावावा. समस्थानिकं रसायन कुठल्या कारखान्याचं ते सांगणार नाहीत. पण विहिरीत येणारं पाणी कुठल्या दिशेचं आणि किती जुनं, ते सांगतील, आणि चौकशी तिथून सुरू होते. ग्रामपंचायतींनी ही मागणी ग्रामसभेत ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी.