काळ्या पडद्यावरच्या जुन्या कमांड्स

बेंगळुरूत तंत्रज्ञान शिळं व्हायला वेळ लागत नाही. वायटूकेच्या धामधुमीत कोबोलवाल्यांना मागणी होती, मग जावाचे दिवस आले, मग मोबाइल अ‍ॅप, मग क्लाउड, आता एआय. व्हाइटफील्ड असो की इलेक्ट्रॉनिक सिटी, दर चार-पाच वर्षांनी माणसं नवा कोर्स लावतात आणि रेझ्युमे पुन्हा लिहायला घेतात. त्या रेझ्युमेत एक शब्द मात्र हलत नाही: लिनक्स. मुलाखत घेणारा त्यावर विचारतो तेही ठरलेलं. फाइल कशी शोधाल, लॉगमधली ओळ कशी काढाल, अडकलेली प्रोसेस कशी माराल? उत्तरात येणाऱ्या एलएस, ग्रेप, टार, किल या कमांड्स १९७०च्या दशकातल्या आहेत. एवढ्या घाईच्या गावात त्या कशा टिकल्या, हे त्यांच्या जन्मकथेतून कळतं.

१९६९मध्ये न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी, लिनक्स ज्याच्या धर्तीवर बेतलं त्या युनिक्सची पायाभरणी केली. कमांड्स तेव्हा पडद्यावर नाही, कागदावर टाइप होत. टेलिटाइप मॉडेल ३३ नावाचा विजेवर चालणारा टाइपरायटर संगणकाला जोडलेला असे. त्याची कळ दाबायला बोटाला जोर लागे आणि तो सेकंदाला १० अक्षरं कागदावर ठोके. ७२ अक्षरांची ओळ उमटायला सात सेकंद. अशा यंत्रावर दिवस काढणारा माणूस अक्षरं जपूनच वापरणार. यादीसाठी एलएस, नकलेसाठी सीपी, हलवायला एमव्ही, पुसायला आरएम. ३ नोव्हेंबर १९७१ अशी तारीख असलेल्या पहिल्या मॅन्युअलात या सगळ्या आहेत. डिरेक्टरी बदलायची कमांड त्यात ‘सीएचडीआयआर’ अशी पाच अक्षरांची आहे. तीही पुढे जड वाटली आणि ‘सीडी’वर आली.

ग्रेपचा जन्म एका साहित्यिक वादातून झाला. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८मध्ये टोपणनावाने लिहिलेले ८५ लेख ‘फेडरलिस्ट पेपर्स’ म्हणून ओळखले जातात. त्यातल्या काहींचा लेखक नेमका कोण, हा जुना वाद. बेल लॅब्जमधले ली मॅकमहॉन त्या मजकुराचा संगणकावर अभ्यास करू पाहत होते. शोधायची सोय युनिक्सच्या ‘ईडी’ या एडिटरमध्ये होती, पण एवढी मोठी फाइल त्याला पेलवेना. थॉम्प्सन यांनी एडिटरमधला शोधणारा भाग सोडवून घेतला आणि त्याचा स्वतंत्र प्रोग्राम केला. तो एक ओळ वाचतो, जुळली तर छापतो, नाहीतर सोडून पुढे जातो. एडिटरमध्ये हेच काम ‘जी, तिरकी रेघ, आरई, तिरकी रेघ, पी’ असं लिहून होई; आरई म्हणजे शोधायचा नमुना. रेघा गाळल्या की नाव तयार. १९७३च्या मॅन्युअलात ग्रेप आलं. मागची ओळ लक्षात ठेवायची नाही, या त्याच्या स्वभावामुळेच आज २० जीबीची लॉग फाइलही ते साध्या लॅपटॉपवर बिनबोभाट चाळतं.

त्याच वर्षी पाइप आला. एका प्रोग्रामचा निकाल थेट दुसऱ्याच्या हाती द्यावा, ही डग मॅक्इलरॉय यांची कल्पना १९६४पासूनची. थॉम्प्सन यांनी ती १९७३मध्ये युनिक्समध्ये उतरवली. आज बेंगळुरूतल्या एखाद्या कंपनीत रात्री दोनला ऑन-कॉल इंजिनिअरचा फोन वाजतो, ग्राहकांचे पैसे अडकलेले असतात, तेव्हा तो जी ओळ टाइप करतो ती याच कल्पनेवर चालते. ग्रेपने एरर असलेल्या ओळी काढायच्या, कटने त्यातला एरर कोड तेवढा घ्यायचा, सॉर्टने सारखे कोड शेजारी आणायचे, युनिकने ते मोजायचे, पुन्हा सॉर्टने मोठा आकडा वर आणायचा आणि हेडने पहिले दहा दाखवायचे. युनिकच्या आधी सॉर्ट विसरलं की आकडे चुकतात, कारण युनिक फक्त लागोपाठच्या ओळी ताडून पाहतं. हे नव्या पोरांना बहुधा अशाच एखाद्या रात्री कळतं.

‘शोध पूर्ण झाला’ किंवा ‘अमुक ओळी सापडल्या’ असलं काही ग्रेप आपणहून सांगत नाही, त्याचं कारणही पाइपच. ते वाक्य पुढच्या सॉर्टला डेटा म्हणूनच मिळालं असतं. चुकांचे संदेश मात्र कुठेतरी दिसायला हवेत. बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटरवर छपाईला दिलेल्या कामात मजकुराऐवजी एरर मेसेजच छापून येऊ लागले, तेव्हा त्यांच्यासाठी ‘स्टँडर्ड एरर’ ही वेगळी वाट काढावी लागली.

टारमध्ये तर जुनं यंत्र आजही अडकून बसलंय. १९७९च्या सातव्या आवृत्तीत ती कमांड चुंबकीय टेपवर फाइली बांधून ठेवण्यासाठी आली. ‘एक्सव्हीएफ’ हे तिचं शेपूट सगळे पाठ करतात. त्यातला ‘एफ’ म्हणजे टेप राहू दे, मी सांगतो ती फाइल घे. टेप कधी पाहिली नाही अशी पिढी तिला रोज नकार कळवते आहे.

गंमत म्हणजे लिनक्सवर जे चालतं त्यात बेल लॅब्जच्या कमांड्सचा मूळ कोड नाही. लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१मध्ये दिलं ते कर्नल, म्हणजे फक्त गाभा. कमांड्स आल्या ग्नू प्रकल्पातून, नव्याने लिहून. ग्नूच्या एलएसच्या मॅन पानाच्या तळाशी रिचर्ड स्टॉलमन आणि डेव्हिड मॅकेन्झी ही नावं आहेत. २०२५च्या उबुंटू २५.१० या लिनक्स आवृत्तीत त्यातल्या बऱ्याचशा रस्ट भाषेत लिहिलेल्या घेतल्या गेल्या. कोड बदलला; नावं आणि वागणूक मात्र तीच ठेवली.

हे सगळं आपल्याकडच्या घराघरांत पोचवणाऱ्यांत एक नाव मराठी आहे. अतुल चिटणीस बर्लिनमध्ये जन्मले, बेळगावात वाढले आणि बेंगळुरूत स्थायिक झाले. १९९५मध्ये व्हीएसएनएलने इंटरनेट खुलं केलं तेव्हा डायल-अपचा वेग ९.६ केबीपीएस होता. त्या वेगाने एक सीडीभर मजकूर उतरवायला दीडशे तास लागले असते, तेही फोनचं बिल भरत आणि लाइन न तुटता. १९९६मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडीच दिली, आणि त्या उपक्रमामागे चिटणीस होते. सीडी लावली की समोर काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. पुढचं पुस्तकांनी शिकवलं, त्यात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं युनिक्स शेलवरचंही होतं. डिसेंबर २००१मध्ये ‘लिनक्स बँगलोर’ ही परिषद भरली. गाव ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतं, त्या आयआयएससीच्या जे. एन. टाटा सभागृहात पुढची काही वर्षं देशभरची मंडळी जमत राहिली. नंतर तिचं नाव फॉस डॉट इन झालं. शेवटची परिषद २०१२ची. ३ जून २०१३ला चिटणीस गेले.

कमांड्स न बदलण्याचं कारण साधं आहे. बेल लॅब्जमधल्याच स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये प्रोग्राम बांधून देणारं ‘मेक’ लिहिलं. त्यात टॅबची एक वैतागवाणी अट होती, आणि ती काढावी असं त्यांनाही वाटलं. पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते. त्यांचं काम मोडायला नको म्हणून टॅब राहिला. आज त्या डझनाच्या जागी अगणित स्क्रिप्ट्स आहेत. पगारपत्रकापासून रात्रीच्या बॅकअपपर्यंत सगळीकडे त्या चालतात. एलएसचं एक अक्षर इकडचं तिकडे केलं तर त्यातल्या किती बंद पडतील, कोणी सांगू शकत नाही. कोड लिहून देणारे एआय एजंटही अनोळखी प्रोजेक्टमध्ये शिरले की आधी एलएस चालवतात, मग ग्रेप.

म्हणून कोल्हापूर-सांगलीहून बेंगळुरूची बस धरणाऱ्याने फ्रेमवर्क कंपनी सांगेल ते शिकावं. निघण्याआधी एक आठवडा मात्र ग्रेप, सॉर्ट आणि टारला द्यावा. नोकऱ्या कितीही बदलल्या तरी तो आठवडा पुन्हा द्यावा लागत नाही.