बास्केटबॉल, कुमार गट : पात्रता व संघनोंदणी
वयोगटानुसार होणाऱ्या बास्केटबॉल स्पर्धांतील खेळाडूंची पात्रता व संघाची रचना ठरविणारे नियम. आंतरराष्ट्रीय पातळीवर हे नियम फिबा ही संघटना (स्थापना १९३२) करते. फिबाची १९ वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा १९७९ मध्ये, तर १७ वर्षांखालील स्पर्धा २०१० मध्ये सुरू झाली.

वय जन्मवर्षावरून मोजतात; २०२४ च्या १७ वर्षांखालील स्पर्धेस १ जानेवारी २००७ रोजी वा त्यानंतर जन्मलेले खेळाडू पात्र होते. सामन्यासाठी संघात जास्तीत जास्त १२ खेळाडू असतात. पैकी पाच मैदानात उतरतात. प्रशिक्षक ४० मिनिटे आधी गुणलेखकाकडे यादी देतो व १० मिनिटे आधी ती स्वाक्षरीने कायम करतो. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व मिळालेला एकच खेळाडू राष्ट्रीय संघात घेता येतो.

या नियमांमुळे समवयस्कांमध्ये स्पर्धा होते आणि वयचोरीला आळा बसतो. (पहा : बास्केटबॉल, क्रीडास्पर्धा).