झोपलेल्या यंत्राला निरोप पोहोचतो कसा?

मोबाइलचा पडदा काळा होतो तेव्हा केवळ पडदाच विझतो असे नाही. रेडिओलहरी ऐकणारा त्यातील भाग, म्हणजेच रिसीव्हर, हादेखील बहुतांश वेळ बंद असतो. बिनतारी यंत्रांच्या बाबतीत नुसते ऐकत राहणेही महागात पडते. एकही संदेश येत नसताना कान देऊन बसण्यासाठी लागणारी वीज ही प्रत्यक्ष संदेश स्वीकारताना लागणाऱ्या विजेपेक्षा फारशी कमी नसते. त्यामुळे बॅटरी टिकवायची तर रिसीव्हर बंद ठेवणे भाग आहे आणि बंद रिसीव्हरला तर काहीच ऐकू येत नाही. तरीही फोनची घंटा वाजते, बँकेचा संदेश येतो. हे साधते ते ठरलेली वेळ, मधल्या ठिकाणी साठवण आणि मिळाल्याची पोच या तीन गोष्टींमुळे. यातील एक जरी निखळली, तरी निरोप हरवण्याची शक्यता निर्माण होते.

ठरलेली वेळ

वेळ ठरवून घेण्याची युक्ती मोबाइलपेक्षा जुनी आहे. ब्रिटिश टपाल खात्याच्या पुढाकाराने तयार झालेल्या 'पॉक्सॅग' या पेजर पद्धतीत संदेशांचा प्रवाह आठ-आठ चौकटींच्या गटांत विभागलेला असे. पेजरच्या क्रमांकावरून त्याची चौकट ठरे. पेजर तेवढ्याच चौकटीपुरता जागा होई आणि उरलेल्या सात चौकटींच्या काळात झोपून राही. भारतात १९९५ मध्ये सुरू झालेली पेजर सेवा मोबाइलच्या प्रसारानंतर मागे पडली. परंतु ही युक्ती टिकून राहिली.

जीएसएम मोबाइलमध्ये सिमकार्डातील ओळखक्रमांकावरून फोनचा गट ठरतो. सुमारे अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंतच्या ठरावीक अंतराने त्या गटाची पाळी येते. फोन क्षणभर जागा होतो, आपल्या नावाची हाक आहे काय ते पाहतो आणि पुन्हा झोपी जातो. चौथ्या पिढीच्या एलटीई जाळ्यात हे अंतर साधारणपणे ०.३२ ते २.५६ सेकंदांचे असते. फोन झोपलेला असताना तो नेमक्या कोणत्या मनोऱ्याखाली आहे हे जाळ्याला ठाऊक नसते. केवळ परिसर ठाऊक असतो. म्हणून त्या परिसरातील अनेक मनोऱ्यांवरून एकदम हाक दिली जाते. फोन लावल्यानंतर घंटा वाजण्यापूर्वी जी शांतता असते, तिचा काही भाग या शोधात जातो.

मधला मुक्काम

पाळी येईपर्यंत निरोप कोणीतरी सांभाळून ठेवावा लागतो. वाय-फायमध्ये हे काम राउटर करतो. १९९७ च्या मूळ मानकातच तशी तरतूद होती. झोपण्यापूर्वी यंत्र राउटरला तसे कळवते. त्यानंतर त्याच्यासाठी आलेली माहिती राउटर आपल्या स्मृतीत ठेवतो. तो साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाने 'बीकन' नावाचा संकेत प्रसारित करतो आणि कोणाकोणाची माहिती शिल्लक आहे, याची यादी त्यात असते. यादीत आपले नाव दिसले की यंत्र जागे राहून ती मागून घेते. मात्र राउटरची स्मृती मर्यादित असते. फार वेळ पडून राहिलेली माहिती तो टाकून देतो. शिवाय सर्वांसाठी एकाच वेळी प्रसारित केलेल्या माहितीची पोच कोणीच देत नाही. नेमक्या त्या वेळी जो जागा नव्हता, त्याची ती हुकते आणि राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

एसएमएसची व्यवस्था यापेक्षा सावध आहे. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ यांनी व्होडाफोनच्या जाळ्यावरून नाताळच्या शुभेच्छांचा पहिला एसएमएस पाठविला. या सेवेत संदेश आधी केंद्रात जमा होतो. फोन बंद असेल किंवा टप्प्याबाहेर असेल, तर ग्राहकांची नोंदवही सांभाळणारी यंत्रणा 'निरोप शिल्लक' अशी नोंद करते. फोन पुन्हा जाळ्यात आला की ती केंद्राला कळवते आणि केंद्र पुन्हा प्रयत्न करते. फोनची पोच मिळेपर्यंत केंद्र संदेश सोडत नाही. मात्र प्रत्येक संदेशाला मुदत असते. ती संपली की संदेश रद्द होतो.

ही मुदत दोष नव्हे, गरज आहे. बँकेचा ओटीपी दोन तासांनी मिळून उपयोग नसतो. उशिरा पोहोचलेला निरोप हा काही वेळा न पोहोचलेल्या निरोपाइतकाच निरुपयोगी असतो.

स्मार्टफोनची गाढ झोप

स्मार्टफोनमधील प्रत्येक अॅपने आपापल्या सर्व्हरशी स्वतंत्र संपर्क ठेवला, तर फोन कधी झोपूच शकणार नाही. म्हणून अॅपलने २००९ पासून सर्व अॅप्ससाठी एकच सामाईक मार्ग खुला केला. अँड्रॉइडमध्येही गुगलची अशीच सेवा आहे. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीने 'डोझ' ही गाढ झोप आणली. बराच वेळ हालचालीविना पडून असलेल्या फोनवर साधे संदेश अधूनमधून येणाऱ्या जागेपणाच्या खिडकीपर्यंत थांबतात. तातडीचे मात्र लगेच आत येतात.

गुगलची सेवा संदेश जास्तीत जास्त चार आठवडे सांभाळते. मात्र एखाद्या फोनसाठी एकाच अॅपचे शंभराहून अधिक स्वतंत्र संदेश साठले, तर ती ते सर्व टाकून देते आणि फोन जागा झाल्यावर अॅपला तसे कळवते. मग अॅपने आपल्या सर्व्हरकडून सर्व माहिती नव्याने घ्यावी, अशी अपेक्षा असते. काही हरवले आहे हे कळणे, हादेखील विश्वासार्हतेचाच भाग आहे.

मीटर आणि झडप

खरी कसोटी लागते ती गॅस आणि पाण्याच्या बिनतारी मीटरांबाबत. एका बॅटरीवर दहा वर्षे चालावीत, असे उद्दिष्ट ठेवून ही यंत्रे बनविली जातात. त्यासाठीच्या 'एनबी-आयओटी' तंत्रात दोन हाकांमधील अंतर सुमारे २ तास ५५ मिनिटांपर्यंत वाढविता येते. आणखी गाढ झोपेच्या प्रकारात तर यंत्र स्वतः जागे होईपर्यंत त्याच्याशी संपर्कच होऊ शकत नाही आणि ही मुदत तत्त्वतः ४१३ दिवसांपर्यंत असू शकते.

मीटरचे वाचन पाठविण्यास हे चालते, कारण तेथे बोलण्याची वेळ मीटरच ठरवितो. परंतु गॅसगळती झाली आणि झडप बंद करण्याचा आदेश द्यायचा असेल, तर तीन तासांची झोपही घातक ठरू शकते. म्हणून बॅटरी किती टिकेल, यापेक्षा आदेशाला किती उशीर चालेल हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

दुसरा धोका पोच हरवण्याचा. आदेश पोहोचला, पण पोच वाटेत हरवली, तर पाठविणारा तोच आदेश पुन्हा पाठवितो. 'झडप बंद कर' हा आदेश दोनदा मिळाला तरी बिघडत नाही. 'झडप पाव फेरा फिरव' हा आदेश दोनदा मिळाला तर बिघडते. यासाठी प्रत्येक आदेशाला क्रमांक आणि मुदत देतात, म्हणजे जुना आदेश उशिरा येऊन नव्यावर कुरघोडी करीत नाही.

पोचेविना हाक

आपत्तीच्या इशाऱ्यात लाखो फोनांची पोच घेत बसणे शक्य नसते. तेथे 'सेल ब्रॉडकास्ट' पद्धतीने मनोऱ्यावरून एकच संदेश पुनःपुन्हा प्रसारित केला जातो. एलटीई जाळ्यात नेहमीच्या हाकेच्या वेळीच झोपलेल्या फोनांना इशारा आल्याचे सूचित केले जाते. भारतात २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा महाराष्ट्रातही असंख्य मोबाइल एकाच वेळी मोठ्याने वाजले होते. येथे पोचेची जागा पुनरुच्चाराने घेतली आहे.

निरोप पाठविला जाणे, तो पोहोचणे आणि त्यावर कृती होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. साधा गप्पांचा निरोप यांपैकी दुसऱ्या टप्प्यावर थांबला तरी चालते. गॅसची झडप खरोखर बंद झाली, हे मात्र मीटरने जागे होऊन सांगितल्याशिवाय खरे मानता येत नाही.