न दिसणारी कावीळ

कावीळ म्हटली कीं पिवळे डोळे, अन्नावरची उडालेली वासना आणि घरांत सुरू झालेलें पथ्यपाणी हीं चिन्हें कोणाच्याहि डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु तिच्या एका प्रकाराचा इतिहास निराळेंच सांगतो. ‘हिपॅटायटिस बी’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या रोगांत डोळ्यांत दिसणाऱ्या काविळीपेक्षां न दिसणारा संसर्गच पुष्कळदां अधिक घातक ठरतो. आणि ही गोष्ट उमजण्यास वैद्यशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

या इतिहासाचा आरंभ जर्मनींत होतो. इ. स. १८८३ मध्यें ब्रेमेन शहरांतील एका जहाजांच्या कारखान्यांत १,२८९ कामगारांना देवी टोंचल्या. त्या काळीं ही लस दुसऱ्या माणसाच्या फोडांतून काढीत असत. पुढील कांहीं महिन्यांत त्यांपैकीं १९१ जणांना कावीळ झाली; ज्यांना निराळी लस टोंचली होती ते मात्र सुखरूप राहिले. लूर्मान या डॉक्टरानें १८८५ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध केला. कांहींतरी अदृश्य वस्तु एका माणसाच्या शरीरांतून दुसऱ्याच्या शरीरांत शिरते, एवढें त्यावरून सूचित झालें.

दुसऱ्या महायुद्धांत हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडला. १९४२ सालीं अमेरिकन सैनिकांना टोंचलेल्या पीतज्वराच्या लशीच्या कांहीं साठ्यांत दूषित मानवी रक्तजल मिसळलें गेलें होतें. हजारों सैनिक काविळीनें अंथरुणाला खिळले. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून असें अनुमान निघालें कीं, सुमारें ३,३०,००० सैनिकांना संसर्ग झाला असावा. विशेष हें कीं, तपासलेल्या वृद्ध सैनिकांत विषाणु रक्तांत टिकून राहिलेला जवळजवळ कोणीच आढळला नाहीं. प्रौढ शरीरानें शत्रूला ओळखलें, झुंज दिली व हांकून लावलें.

मग हा रोग टिकतो कोठें? उत्तराची किल्ली अनपेक्षित जागीं सांपडली. अमेरिकन शास्त्रज्ञ बरूच ब्लुम्बर्ग व त्यांचे सहकारी यांना ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासी माणसाच्या रक्तजलांत एक अपरिचित प्रथिन आढळलें. १९६५ सालीं त्यांनीं तें जाहीर केलें, आणि १९६७ च्या सुमारास त्याचा काविळीशीं असलेला संबंध उघड झाला. या कार्याबद्दल ब्लुम्बर्ग यांना १९७६ च्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. त्या प्रथिनाची तपासणी सुरू होतांच धडधाकट दिसणाऱ्या असंख्य माणसांच्या रक्तांत तें मिळूं लागलें.

अशा माणसांचें पुढें काय होतें, हें तैवानांत दिसून आलें. तेथें बीझली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २२,७०७ पुरुषांची कित्येक वर्षें नोंद ठेविली. १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत यकृताच्या कर्करोगाचे ४१ रोगी होते. त्यांपैकीं ४० जणांच्या रक्तांत हा विषाणु पूर्वींपासूनच होता. त्या देशांत पुष्कळांना हा संसर्ग जन्मसमयीं आईकडून झालेला असे. तान्ह्या बाळाचें शरीर विषाणूला शत्रु म्हणून ओळखीत नाहीं. म्हणून बहुधा कावीळ होत नाहीं आणि विषाणु जातहि नाहीं. तान्हेपणीं संसर्ग झालेल्या शंभरांतील सुमारें नव्वद जणांत तो कायम राहतो, प्रौढांत मात्र पांचांहून कमी जणांत. मग कित्येकांचें यकृत वर्षानुवर्षें सुजत राहतें, आंतल्या आंत वण पडून कठीण होतें, व कधीं त्यांत कर्करोग उद्भवतो.

कारण कळलें तसा उपायहि निघाला. १९८४ च्या जुलैपासून तैवाननें विषाणुवाहक मातांच्या अर्भकांना, व १९८६ पासून सर्वच नवजात बालकांना, लस देण्यास प्रारंभ केला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचें वार्षिक प्रमाण १९८१-८६ या काळांत लाखांत ०.७० होतें; १९९०-९४ या काळांत तें ०.३६ वर आलें.

भारतांत २०११ सालापासून ही लस देशभर बालकांच्या लसीकरणांत आहे. २०१८ सालीं तपासणी व औषधोपचार विनामूल्य देणारा सरकारी कार्यक्रमहि सुरू झाला. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं २ कोटी ९८ लक्ष भारतीयांच्या शरीरांत हा विषाणु होता, आणि त्यांतील बहुतेकांना त्याची वार्ताहि नव्हती. हा रोग एका पंगतींत जेवल्यानें होत नाहीं. तो रक्तावाटें, शरीरसंबंधानें व प्रसूतिसमयीं मातेकडून जातो. यास्तव रोग्याला दूर लोटण्याचें कारण नाहीं. औषधांनीं विषाणूला दाबून ठेवितां येतें, आणि बाळाला जन्मापासून चोवीस तासांच्या आंत लस टोंचली तर आईकडून होणारा संसर्ग बहुतेक टळतो. डोळे पिवळे होण्याची वाट पाहणाऱ्या घराला मात्र हा रोग वेळेवर दिसणें कठीण. त्याचा ठाव एका साध्या रक्ततपासणींतच लागतो.