काळा घोडा: भाड्याच्या भिंती आणि बिनतिकिटाचे दार

ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून मुंबईतल्या काळा घोडा परिसराला नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ सालीच तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला गेला. नाव मात्र टिकले, आणि आज ते घेतले की डोळ्यांसमोर येतात ती कलादालने: जहांगीर आर्ट गॅलरी, वस्तुसंग्रहालयासमोरचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि आसपासच्या जुन्या इमारतींतली खासगी दालने. ही ओळख कशी घडली, याचे श्रेय सहसा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रतिभेला किंवा चित्रांच्या बाजारपेठेला दिले जाते. दोन्हींत तथ्य आहे. पण माझ्या मते या परिसराचा खरा पाया एका साध्या व्यवस्थेने घातला: चित्रकाराने भाडे भरून आपली चित्रे स्वतः मांडावीत आणि पाहणाऱ्याने तिकीट न काढता आत यावे.

ही व्यवस्था येण्यापूर्वी काय होते, ते पाहिले म्हणजे तिचे मोल कळते. मुंबईत कलाशिक्षण १८५७ पासून, म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या स्थापनेपासून होते. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली. तिच्या वार्षिक प्रदर्शनाला मोठा मान होता, पण तिथे निवड समिती होती, पदके होती, आणि समितीच्या पसंतीला उतरल्याशिवाय चित्र भिंतीवर लागत नव्हते. १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला, त्यामागे प्रस्थापित अभिरुचीविरुद्धचे हे बंडच होते. त्यांना पाठबळ मिळाले ते प्रामुख्याने लँगहॅमर, फॉन लायडन, श्लेसिंगर अशा, युरोप सोडून आलेल्या मोजक्या रसिकांचे. १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवर ग्रुपचे गाजलेले प्रदर्शन भरले; त्याच वर्षी सूझा लंडनला गेला आणि पुढच्या वर्षी रझा पॅरिसला. प्रतिभा होती, जाणकारही होते. पण सामान्य मुंबईकराला कधीही डोकावता येईल अशी हक्काची जागा नव्हती.

सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९५२ मध्ये ती जागा उभी राहिली. वास्तुरचनाकार दुर्गा बाजपेयी यांनी प्रवेशद्वारावर काँक्रीटचे लाटांसारखे छत पुढे काढले. चार पायऱ्या चढल्या की माणूस थेट चित्रांसमोर उभा राहतो. दालन आठवडाभर चित्रकाराच्या ताब्यात असते. कोपऱ्यातल्या टेबलावर अभिप्रायाची वही असते आणि शेजारी बहुधा चित्रकार स्वतः बसलेला असतो. पावसाची सर चुकवायला शिरलेला कारकूनही त्याला चित्राचा अर्थ विचारू शकतो. या मोकळेपणाची परीक्षा लवकरच झाली. १९५४ साली याच गॅलरीत अकबर पदमसी यांनी मांडलेल्या ‘लव्हर्स’ या चित्रांवर पोलिसांनी अश्लीलतेचा खटला भरला. पदमसी तो जिंकले. मूठभर रसिकांच्या दिवाणखान्यात टांगलेल्या चित्रावर असा खटला क्वचितच होतो. चित्र चारचौघांत आले होते, म्हणूनच कलास्वातंत्र्याचा प्रश्नही चारचौघांत सुटला.

यावर पहिला आक्षेप असा की, भाडे भरेल त्याला भिंत मिळाली तर सुमार चित्रेही लागणारच. लागतात, हे मान्यच केले पाहिजे. पण निवड समित्यांनीही सुमार चित्रांना पदके दिली आहेत आणि चांगली चित्रे परत पाठवली आहेत. खुल्या दालनात निदान पाहणाऱ्याला स्वतः पारखायची संधी मिळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आधुनिक कलेची खरी पारख केली ती खासगी दालनांनी. केकू गांधी यांच्या केमोल्डचे योगदान कोण नाकारील? मात्र हे केमोल्ड १९६३ साली सुरू झाले ते जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर, आणि २००७ पर्यंत तिथेच राहिले. खाली कोणालाही खुले असलेले दालन आणि वर जाणकाराने निवडलेली चित्रे, अशा दोन व्यवस्था एका छपराखाली चार दशके नांदल्या. खालच्या वर्दळीतून वरच्या दालनाला प्रेक्षक मिळत होता. त्यामुळे केमोल्डचे यश हा खुल्या दाराविरुद्धचा पुरावा ठरत नाही, उलट त्याच्या बाजूचाच ठरतो.

तिसरी तक्रार खरी आहे आणि तिला माझ्याकडे खंडन नाही. दालनासाठी चित्रकाराला वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि भाडे, चौकटी, वाहतूक यांचा खर्च गावाकडून आलेल्या तरुणाला झेपत नाही. पण यावर उपाय दार अरुंद करण्याचा नाही. अशी दारे वाढवण्याचा आहे. ठाणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या महापालिका नाट्यगृहांवर खर्च करतात, तसाच त्यांनी माफक भाड्याच्या, विनातिकीट कलादालनांवरही करावा. आणि वाचकांनी एवढे करावे: फोर्टात काम निघाले तर अर्धा तास जहांगीरमध्ये घालवावा, चित्र कळले नाही तर चित्रकाराला बेधडक विचारावे. ते दार आपल्यासाठीच उघडे ठेवलेले आहे.